कळवून आलेली पाहणी

टेंभेकर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी पंख्याचं बटण दाबून पाहिलं. मग बेसिनचा नळ सोडला आणि बंद केला. मी जरा तुटकपणेच म्हटलं, "अहो, सगळं चालू आहे."

"असेल. मी पाहिलं नव्हतं."

ईशान, अन्वी, तुम्ही त्यांना कधी भेटला नाहीत. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. नोकरी केंद्र सरकारच्या लेखापरीक्षणात. दिल्लीहून ज्या कामासाठी पैसे आले, ते काम खरोखर झालं का, हे गावोगावी जाऊन तपासायचं. "कागदावर विहीर असली तर विहिरीत डोकावायचं, वहिनी," ते सांगायचे. "पाणी दिसलं तर लिहायचं, पाणी आहे." चिडणं त्यांना मान्य नव्हतं. दूधवाल्याने उशीर केला तरी म्हणायचे, "आपण आक्षेप नोंदवायचा."

त्यांच्या पत्नीला, कुंदाताईंना, कंपवात होता. आम्हा केंद्र सरकारी निवृत्तांचा दवाखाना एका सरकारी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. (तुमचे आजोबाही केंद्राच्याच नोकरीत होते, म्हणून मीही तिथलीच.) डॉक्टरांनी रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय औषध बदलून मिळत नाही, आणि डॉक्टरांनी खाली उतरून तपासावं अशी नियमांत सोय नाही. कुंदाताईंचे हात जास्त थरथरू लागले होते. औषध बदलायलाच हवं होतं, आणि जिना त्यांना चढवत नव्हता.

लिफ्ट होती. चांगली चकचकीत, फीत कापून झालेली. पण लिफ्ट एका खात्याने बसवली, वीज दुसऱ्या खात्याने द्यायची, आणि वाढीव विजेची मंजुरी दिल्लीत कुठल्याशा टेबलावर. टेंभेकरांनी सरकारच्या तक्रारीच्या संकेतस्थळावर तक्रार केली. उत्तर आलं : लिफ्ट बसवण्यात आली आहे, तक्रार निकाली. त्यांनी पुन्हा लिहिलं, बसवली आहे, चालत नाही. उत्तर : संबंधित विभागाकडे पाठवली आहे, तक्रार निकाली.

"निकाली म्हणजे काय हो?" मी वैतागून विचारलं.

"म्हणजे त्यांच्या टेबलावरून गेली."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्ट त्यांच्या टेबलावर नव्हतीच." मग ठामपणे म्हणाले, "कोणीतरी येऊन डोळ्यांनी बघायला हवं. बघितलं की काम होतं." त्यांनी थेट पाहणीची मागणी केली. आश्चर्य म्हणजे ती मान्य झाली. दिल्लीहून पथक येणार असल्याचं रीतसर कळवण्यात आलं, आम्हाला आणि अर्थातच दवाखान्यालाही.

त्या दिवशी टेंभेकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कुंदाताईंना रिक्षात घालून आम्ही तिघं गेलो. आणि काय सांगू, लिफ्ट चालू! आत दिवा, पंखासुद्धा. पथकातल्या एका तरुण अधिकाऱ्याने अदबीनं दार धरलं, "आइए, माताजी." इमारतीमागे कसलीतरी घरघर चालली होती. रस्ता खोदत असतील, असं वाटलं. पुण्यात दुसरं काय वाटणार? वर गेल्यावर डॉक्टरांनी कुंदाताईंना नीट तपासलं, औषध बदललं आणि परत यायला सांगितलं, नवा डोस मानवतो का ते बघून पुढचं ठरवायला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पथक गेलेलं होतं. टेंभेकरांनी लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी खिडकीतून खाली बघितलं, तर जनरेटर घेऊन टेम्पो फाटकातून बाहेर पडत होता.

शिपाई आणि दोन रिक्षावाल्यांनी कुंदाताईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवलं. त्या खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाल्या, "अहो, लग्नातसुद्धा मला इतक्या माणसांनी उचललं नव्हतं." रिक्षावाले हसले. टेंभेकर हसले नाहीत.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. कशालाही हात न लावता बसले.

"वहिनी, मीसुद्धा कळवूनच जायचो."

"कुठे?"

"सगळीकडे. तारीख कळवून. तशीच पद्धत होती." मग म्हणाले, "विहिरीत पाणी दिसलं की लिहायचो, पाणी आहे. आदल्या दिवशी टँकरने ओतलेलं असलं, तर?"

मी चहा टाकायला उठले.

काही दिवसांनी उत्तर आलं : प्रत्यक्ष पाहणीत लिफ्ट सुरू आढळली, तक्रार निकाली. आता त्यावर बोलायचीही सोय उरली नाही, कारण अधिकाऱ्यांनी स्वतः बघितलं होतं. कुंदाताईंना परत बोलावलं होतं ती तारीख उलटून गेली. शेवटी टेंभेकरांनी पुणं सोडलं आणि दोघं नागपूरला मुलीकडे गेले. तिथला दवाखाना तळमजल्यावर आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी शहर बदलायचं, ते एका विजेच्या जोडणीसाठी! मला संताप येतो, मुलांनो, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही. भेटतात ती माणसं सगळी सौजन्याने बोलतात.

परवा त्यांचा फोन आला. कुंदाताईंना नवा डोस मानवला म्हणाले. मग विचारलं, "तक्रार केलीत का?"

"केली."

"निकाली?"

"निकाली."

"पुन्हा करा. न कळवता या, असं लिहा."

"लिहिते. पण अहो, उद्या मलाच वर जायचंय."

ते म्हणाले, "भिंतीच्या बाजूने चढा, वहिनी. दुसऱ्या मजल्याचा कठडा हलतो. मी बघितलाय."