उंबऱ्यावरचा नारळ

हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्या ज्या एका फोटोचं लोकांनी कौतुक केलं, त्यातला नारळ तिथे नव्हताच. तो मी उचलून ठेवला होता.

आमच्या शेजारच्या काकी. करी रोडच्या चाळीत भिंतीला भिंत, आता त्याच जागेच्या टॉवरमध्ये दारासमोर दार. गिरणी बंद पडल्यावर काका तळकोकणातल्या एका डोंगरावर, खाणीत कामाला लागले. मुलांना आजीकडे ठेवून काकीही गेल्या. पुढे खाणही बंद पडली आणि दोघं चाळीत परतली. काका जाऊन बरीच वर्षं झाली.

गेल्या दिवाळीनंतर मी त्याच भागातल्या आमच्या गावी निघालो, तर काकींनी दारातच अडवलं. "कॅमेरो घेतलंस मा? मगे आमच्या खोलीचो एक फोटो काढून हाड. नातवांका खराच वाटणा नाय, आजी डोंगरार रवलेली."

डोंगरावर कामगारांच्या खोल्यांची रांग तेवढी उभी होती. बहुतेकांचे पत्रे उडालेले, भिंतींवर खाणीची लाल माती बसलेली. काकींची शेवटची खोली मात्र छप्पर धरून होती, त्यामुळे आत काळोख. मोबाइलच्या उजेडात भिंतीतली देवळी दिसली, तिच्यात सुकून हलका झालेला नारळ. देवापुढे बोलून ठेवलेल्या नारळाला हात लावायचा नसतो, हे आमच्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही माहीत होतं. पण बाहेर उंबऱ्यावर उतरतं ऊन इतकं सुरेख पडलं होतं! मी नारळ तिथे आणून ठेवला, शेंडी जरा वळवली, फोटो काढले. खालून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. नारळ तसाच टाकून निघालो.

दादरला आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपने प्रदर्शन भरवलं. मित्र म्हणाला, "काय फ्रेम आहे रे! तुलाच बरी मिळते अशी."

"मिळाली," मी म्हणालो.

काकींना मीच टॅक्सीने घेऊन गेलो. त्या फोटोजवळ जाऊन वाकल्या.

"ह्यो भायर कसो इलो?"

"कोण, काकी?"

"नारळ. ह्येंनी गाऱ्हाणा घालून देवळीत ठेवलेलो. परत येवन काडतलाव म्हणान. ते गेले. मगे मीच माझ्या झीलाक सांगी होतंय, मे म्हयन्यात जीप कर, माका थंय घेवन चल." मग हसल्या. "आता कित्याक? देव आपणच उंबऱ्यार इलो. शब्दातसून सोडल्यान आमका."

तेव्हाच सांगायचं होतं. माझ्या तोंडून "काकी" एवढंच निघालं. त्यांनी माझा हात थोपटला.

त्यांचा मुलगा नंतर लिफ्टमध्ये भेटला. "वाचवलंस बाबा! त्या गुडघ्यांवर डोंगर चढायला निघाली होती म्हातारी." मी हसलो.

काकी आता निवांत दिसतात. संध्याकाळी दार उघडं टाकून वाटाणे सोलत बसतात. त्यांचा हा निवांतपणा मोडणारा मी कोण, असं स्वतःला विचारून पाहिलं. पण ती पळवाट आहे. काकांचा शब्द पुरा झाला असं त्या धरून चालल्यात, आणि तो झालेला नाही.

काकींना खरं सांगणं माझ्याकडे बाकी आहे. ते ऐकून त्यांना जायचं असेल, तर त्यांना त्या डोंगरावर नेणंही माझ्याकडेच बाकी आहे.