दोन बोटं बर्फ

शेजारच्या जर्मन आजोबांना पुढे बघून ट्रॅक्टर चालवताना मी फारसं पाहिलं नाही. बर्फ काढायचं लोखंडी पातं त्यांच्या ट्रॅक्टरच्या मागे होतं, त्यामुळे ट्रॅक्टर पुढे जायचा आणि आजोबा मागे बघत असायचे. डावा हात चाकावर, उजवा हात पातं वरखाली करायच्या दांडीवर आणि नजर पात्याच्या धारेवर. समोरचा रस्ता त्यांना पाठ होता. चाळीस वर्षांत मान तशीच बसली होती. बेकरीच्या रांगेतसुद्धा ते किंचित मागे वळूनच उभे राहत. वसुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांचं नाव 'पाठमोरे' ठेवलं. त्यामुळे गल्लीत मराठी आडनावाची दोन घरं झाली, असं ती म्हणे.

आमचं गाव जर्मनीत, इंगोलश्टाटपासून सतरा किलोमीटरवर. गल्ली दोनशे चाळीस मीटर लांबीची, अकरा घरांची, उताराची. गेमाइंडेचा, म्हणजे ग्रामपालिकेचा, बर्फ काढणारा ट्रक मोठे रस्ते उरकून आमच्याकडे यायचा तेव्हा कधीकधी दुपार झालेली असे. मला सकाळी सहा दहाला निघावं लागे. पाठमोरे सव्वापाचला ट्रॅक्टर बाहेर काढत. त्यांना हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. गोठ्यातल्या गाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण उठायची वेळ गेली नव्हती.

मागच्या पात्याने बर्फ कडेला सरकतो आणि प्रत्येक फाटकासमोर त्याचा बांध तयार होतो. बाकीच्यांचे बांध ज्याचे त्याने काढावेत अशी रीत होती. माझ्या फाटकाशी मात्र पाठमोरे खाली उतरत आणि लाकडी फावड्याने स्वतः बांध फोडत, कारण गल्लीतून सगळ्यांत आधी निघणारा मी. त्यांना चार मिनिटं लागत. मी धावत बाहेर जाऊन म्हणे, "राहू द्या, मी करतो." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "तुम्ही गाडी गरम करा, हेर इंजेन्यूर. हे फावडं परक्याच्या हातात रुसतं."

त्यांच्या तोंडी दुसरं एक वाक्य कायम असे, 'पास्ट शो.' बवेरियातल्या माणसाचं हे 'चालतंय, जमलं'. कुंपण तिरकं झालं, पास्ट शो. गुडघा दुखतोय, पास्ट शो. माझी नोकरी मोटारीचे पुर्जे मोजण्याची. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक निघाला तरी मी पुर्जा परत पाठवत असे. ड्रॉइंगमध्ये बदल केला तर कोणी, कधी आणि का केला ते लिहून खाली सही करायची, हा आमचा पहिला नियम. अशा माणसाला 'पास्ट शो' ऐकून काय होत असेल, ते समजून घ्यावं.

पाठमोरे रस्त्यावर नेहमी थोडा बर्फ शिल्लक ठेवत. "दोन बोटं ठेवायचा," ते म्हणत आणि हातमोजा काढून दोन बोटं आडवी धरून दाखवत. एका सकाळी मी स्टीलची पट्टी लावली. गल्लीच्या वरच्या कडेला चाळीस मिलिमीटर, खालच्या, ओढ्याकडच्या कडेला बावीस. दोन मीटरच्या पात्यात अठरा मिलिमीटरचा फरक. मला तो दिवसभर ऑफिसात टोचत राहिला.

संध्याकाळी वसुधाला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्यांचं त्यांना कळत असेल ना?"

"कळत असतं तर अठरा मिलिमीटर कसे आले असते?"

"बरं बाई. मग जा, शिकवा त्यांना."

२००५ च्या डिसेंबरातल्या एका शनिवारी मी पाणसळ आणि पाने घेऊन त्यांच्या शेडमध्ये गेलो. पाठमोऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रस्ताही वाकडाच आहे की, हेर इंजेन्यूर."

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

पातं उचलणाऱ्या दोन दांड्यांपैकी उजव्याची लांबी मी मूठ फिरवून बदलली आणि शेडच्या फरशीवर पातं अचूक सपाट केलं. पात्याखाली दोन्ही टोकांना लोखंडी बूट असतात. पातं रस्त्यापासून किती वर राहील ते त्यांच्यावर ठरतं. तेही मी वर चढवले, म्हणजे बर्फ पार डांबरापर्यंत निघेल. दीड तास गेला. पाठमोरे बादली उपडी घालून बसले होते. शेवटी त्यांनी पात्यावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पास्ट शो."

पुढच्या बर्फाला गल्ली अशी काळी स्वच्छ निघाली की मी तिचा फोटो काढला. पहिल्या दहा मीटरांतच पात्याचा आवाज ऐकून पाठमोऱ्यांना काय झालंय ते कळलं असणार. बूट खाली करायला त्यांना पाच मिनिटं पुरली असती. त्यांनी केले नाहीत. मी खिडकीतून बघत होतो म्हणून केले नाहीत, असं मला आता वाटतं.

दोन दिवस ऊन पडलं. वरच्या शेतातला बर्फ वितळून त्याचं पाणी गल्लीत आलं. पूर्वी ते तिरक्या पात्याने ठेवलेल्या उतारावरून ओढ्याकडे निघून जाई, आणि जे राही ते दोन बोटं बर्फात मुरे. त्यावर टाकलेली खडी रुतून बसे. रस्त्याची ओढ्याकडची कड खचलेली होती, त्यामुळे सपाट पात्याखाली आता तिथे जाड थर उरला होता. पाणी त्याला अडलं, उघड्या डांबरावर पसरलं आणि गोठलं. ओढ्याच्या बाजूला माझंच फाटक. तिसऱ्या दिवशी पहाटे वरून हलका बर्फ पडला. पाठमोरे नेहमीप्रमाणे माझा बांध फोडायला उतरले आणि पहिल्याच पावलाला पडले. मी गाडी गरम करत होतो. खुबा मोडला होता.

इस्पितळात त्यांची मुलगी मार्गिट होती. ट्रॅक्टर परत नेणाऱ्या शेजाऱ्याने तिला सांगितलं होतं की पातं डांबर खरवडत होतं. तिने विचारलं, "बाबा, बूट कोणी वर केले?"

पाठमोऱ्यांनी उशीवरची मान तशीच वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चॉकलेटचा डबा धरून दीड मीटरवर उभा होतो. मी तोंड उघडेन इतका वेळ त्यांनी दिला. मग म्हणाले, "मीच. म्हटलं, जरा स्वच्छ निघेल."

"चाळीस वर्षं हात लावला नाहीत, आणि आता एक्क्याऐंशीव्या वर्षी? बाबा, तुम्हाला कळेनासं झालंय."

मी डबा टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी पाय उन्हाळ्यापर्यंत बरा होईल असं सांगितलं होतं, आणि तो झालाही. प्रश्न पायाचा नव्हताच. ज्याची अक्कल चालत नाही त्याच्या हाती ट्रॅक्टर द्यायचा नाही, हे मार्गिटने ठरवलं होतं, आणि तिला जे माहीत होतं त्यावरून ते बरोबरच होतं. फेब्रुवारीत ट्रॅक्टर विकला. पातंही त्याच्याबरोबर गेलं, मी सपाट केलेलं.

पुढचे दोन हिवाळे पाठमोरे खिडकीशी खुर्चीत बसून असत. मी दर रविवारी जात असे. एकदा धीर करून म्हटलं, "त्या पात्याचं मला मार्गिटला सांगायचं आहे." त्यांनी हात हलवला, "पास्ट शो." आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द ताबडतोब मान्य केला. त्यात माझी सोय होती.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये ते गेले. दफनानंतर गावातल्या खानावळीत कॉफी होती. तिथे मी मार्गिटला सगळं सांगितलं. पाणसळ, अठरा मिलिमीटर, बूट, चॉकलेटचा डबा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कप बशीत ठेवला आणि बराच वेळ तो सरळ करत राहिली.

"म्हणजे ते चालवू शकले असते," ती म्हणाली.

"हो."

"रोज विचारायचे मला, ट्रॅक्टर का विकला. सव्वापाचला उठून बसायचे, हेर साठे. आणि रोज मी त्यांना समजवायचे, की आता तुमचं डोकं चालत नाही."

मी माफी मागितली. तिने मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते मला कळलं नाही. मग ती दुसऱ्या टेबलाकडे गेली.

आता गल्लीतला माझ्या बाजूचा बर्फ मी हाताने काढतो. सव्वापाचला सुरू करतो. डांबर दिसू देत नाही. हातमोजा काढून दोन बोटं आडवी लावतो आणि तेवढा बर्फ ठेवतो. माझी दोन बोटं चौतीस मिलिमीटर भरतात. त्यांची नक्कीच जाड होती. तेवढं एकच माप घ्यायचं राहिलं.