दौलतदादांची वंदना

प्रभूने माझ्याशी बोलण्यासाठी रेडिओच का निवडला, हे मला अजून उमगलेलं नाही. कारण माझ्या हातून जे पाप घडलं, ते त्याच रेडिओपायी. मी जन्माने ख्रिस्ती नाही. शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात आमचा भाजीचा मळा आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून बाबांनी मोठ्या हौसेने मला ट्रान्झिस्टर घेऊन दिला होता. वाशीमला खोली करून मी शिकतो. माझ्यासारख्याने अनुभव लिहावा की नाही, याबद्दल मनात अजून संकोच आहे. तरी लिहितो.

दिवाळीच्या सुटीत मी मळ्यात होतो. विहिरीवर इंजिन चालू होतं आणि कांद्याच्या कोवळ्या रोपाला पाणी सोडलेलं होतं. हे पाणी फार जपून द्यावं लागतं. एक वाफा भिजला की लगेच तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडायचं, नाहीतर नुकतं उगवलेलं रोप उखडून वाहून जातं. आमचे वर्षाच्या बोलीवरचे सालदार दौलतदादा पाण्यावर होते. त्यांच्या बायकोला ताप होता. मीच त्यांना म्हणालो, "तुमी घरी पाहून या, दादा. पान्यावर मी हावो." ते विश्वासाने गेले. मी बांधावर बसून रेडिओवर गाणी लावली आणि गाण्यांत असा रंगलो, की भान आलं तेव्हा वाफे फुटून गेले होते आणि हिरवं रोप गाळात लोळत होतं.

तेवढ्यात बाबा आले. "पान्यावर कोन होतं?" त्यांनी विचारलं. माझं कॉलेज बंद होईल या भीतीने माझ्या तोंडून निघून गेलं, "दौलतदादा." दादा धावत परत आले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मालक, बाबू होता. त्याले विचारा." मी खाली पाहत म्हणालो, "मी तर आत्ताच आलो." बाबा दादांवर संतापाने ओरडले, "दारू पिऊन झोपला होता का तू?" आणि भर शिवारात, चार लोकांदेखत, त्यांनी दादांना कामावरून काढून टाकलं.

बाबांनी रागात विचारलेला तो प्रश्न संध्याकाळपर्यंत गावात बातमी होऊन फिरला. दौलतदादा दारू पितात! ज्या वर्षी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वर्षापासून त्या माणसाने दारूला स्पर्श केलेला नव्हता. दर पौर्णिमेला वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर वंदना व्हायची, तेव्हा पुढे बसून पंचशील म्हणायचा मान त्यांचा असे. ते म्हणत आणि सगळी वस्ती त्यांच्या मागून म्हणे. मद्यापासून दूर राहण्याचं शील त्यातच येतं. पुढच्या पौर्णिमेला मागून कोणीतरी हसलं म्हणे. त्यानंतर दादा ओट्यावर गेले नाहीत. हे आईने मला सहज, भाकरी थापताना सांगितलं. मी घास गिळला आणि दुसऱ्या दिवशी वाशीमला निघून आलो.

खोलीवर दिवेलागणीला गाणी शोधत रेडिओचा काटा फिरवायची मला सवय होती. एकदा तसाच फिरवत असताना खरखरीतून साध्या मराठीत बोलणारा एक आवाज आला. कोणी भाऊ येशू ख्रिस्ताविषयी सांगत होते. मी काटा पुढे नेणार, तोच ते म्हणाले, "आज तुमच्या चुकीची शिक्षा दुसरं कोणी भोगत आहे का?" मी इतका हादरलो, की रेडिओ बंद करून खोलीचं दार उघडून बाहेर पाहिलं. त्यांना कोणी सांगितलं? मग स्वतःच्या वेडेपणाचं हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पुन्हा तो कार्यक्रम लावला आणि मग रोजच लावू लागलो. पाप लपवलं तर ते माणसाला आतून खातं, कबूल केलं तर प्रभू क्षमा करतो आणि आनंद देतो, असं ते भाऊ सांगत. मी दार लावून गुडघे टेकले. ज्या देवाला मी नीट ओळखतही नव्हतो, त्याला सगळं सांगितलं. रडलो. पण आनंद आला नाही. रोज सांगायचो आणि रोज तसाच उठायचो. कदाचित माझ्यासारख्यासाठी हे नसावं, असं वाटू लागलं. पुढे सेल उतरले. ते मी उन्हात तापवून पुन्हा घालायचो. एका संध्याकाळी आवाज अगदी दबका झाला होता, म्हणून कान लावून ऐकत होतो. भाऊ म्हणाले, "देवाला सांगितलंत, चांगलं केलंत. पण ज्याचं हिरावून घेतलंत, त्याच्या दारी गेलात का?" आणि रेडिओ मुका झाला. सेल उतरलेले होतेच, हे मलाही कळतं. तरी मी रात्रीच पिशवी भरून ठेवली.

सकाळच्या गाडीने गावी गेलो. दौलतदादा दारात अंबाडीचा दोर वळत बसले होते. मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. मला वाटलं होतं, ते मला जवळ घेतील. रेडिओवरच्या गोष्टींत तसंच व्हायचं. दादांनी दोर बाजूला ठेवला.

"मले कायले सांगून राह्यला? मी होतो का तिथं, तू होता का, हे मले ठाव नाही काय?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "आता आठवन झाली बाबूले! कॉलेजात हेच शिकवतेत का?"

"मले सांगून माया अंगावरचा डाग जाते का?" दादा म्हणाले. "डाग लोकाईसमोर लागला. पुनवेले ओट्यावर ये अन लोकाईसमोर सांग. नाहीतं जाय, अभ्यास कर."

मी तसाच मळ्यात गेलो. बाबा बाजारासाठी वांगी निवडत होते. त्यांना सांगितलं, तेव्हा हातातलं वांगं हातातच राहिलं. "मी त्याले वाट्टेल ते बोललो, अन तू माया बाजूले उभा होता?" एवढंच म्हणाले. मार खायची माझी तयारी होती, पण ते वांगी तशीच टाकून उठून गेले. पौर्णिमेपर्यंत घरात माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही.

त्या वस्तीच्या कडेने मी लहानपणापासून सायकल चालवली, पण विहाराच्या ओट्यावर चढलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. पंचरंगी झेंड्याखाली मेणबत्त्या लागल्या होत्या. दादा सगळ्यांच्या मागे बसले होते. मी उभा राहिलो आणि तोंडातून शब्द फुटेना. "मालकाचं पोट्टं भाषन करते काय?" कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मी मनात म्हणालो, प्रभू, माझ्याच्याने होत नाही, आता तूच पाहा. तोच मागून ओळखीचा आवाज आला.

"बोल ना बे. थांबला काहून? मी बी आलो ना."

बाबा होते. टोपी हातात घेऊन ओट्याखाली उभे. ते येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग मी बोललो. पाण्यावर मी होतो, खोटं मी बोललो, दौलतदादांनी कधी दारू घेतली नाही. माझं संपल्यावर बाबा पुढे आले. "दौलत, चूक माई बी हाये. मी विचारपूस केली नाही, बोलून मोकळा झालो."

तेवढ्यात एक म्हातारी खेकसली, "आता वंदना करता का नाही? मेनबत्त्या सरून राह्यल्या!" दादा सावकाश उठले. माझ्याकडे न पाहता पुढे जाऊन बसले आणि हात जोडले. त्यांचा आवाज पहिल्या शब्दाला थोडा कापला, मग भरून आला, आणि सगळी वस्ती त्यांच्या मागून म्हणू लागली.

तेव्हा जे झालं, त्याचा धक्का माझ्या मनातून अजून ओसरलेला नाही. शरमेने जमिनीत जाईन अशी माझी खात्री होती. पण माझ्या छातीतून कोणीतरी मोठा धोंडा उचलून नेला आणि तिथे आनंद भरला, इतका, की मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. "रडून राह्यला का हासून राह्यला, बाबू?" ती म्हातारी कुजबुजली. "कोनतंही एक कर."

दौलतदादा आमच्याकडे परत कामाला आले नाहीत. बाबा बोलवायला गेले होते. ते नको म्हणाले आणि दुसरीकडे लागले. मला त्यांनी क्षमा केली का, हे मी विचारलेलं नाही. परवा शेलूच्या बाजारात भेटले, तेव्हा लांबूनच ओरडले, "काहो बाबू, पान्याकडं ध्यान हाये का रेडिओकडं?" आणि मोठ्याने हसले. त्या हसण्यासाठी मी प्रभूचे किती आभार मानू?

मला क्षमा हवी होती, पण माझ्या बंद खोलीत, कोणाला न कळता. प्रभूने माझा हात धरून मला जिथे जायची भीती होती तिथेच नेलं आणि माझ्या वाट्याचा आनंद तिथे, त्या ओट्यावर, दुसऱ्याच्या वंदनेत ठेवला होता. आता मला काय सांगावं आणि कुठे न्यावं, हे त्याच्यावर सोडायला मी शिकतो आहे. आजही सेल उंबऱ्यावर उन्हात ठेवले आहेत. संध्याकाळी त्या भाऊंचा आवाज लागेल.