नाळेवरचं ओलं कुंकू

नोकरीतल्या कितीतरी गुन्ह्यांची कलमं आता विसरलो, पण त्या होडीच्या नाळेवरचं ओलं कुंकू अजून डोळ्यांपुढे येतं. होडीच्या पुढच्या उंच टोकाला आमच्याकडे नाळ म्हणतात.

मी तेव्हा आगरदांड्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक कोळीवाडा आणि त्यांची मच्छीमार सोसायटी. सोसायटीच्या जुन्या अध्यक्षांनी मुदत संपायला तीन वर्षं असताना राजीनामा दिला. कारणापुढे एकच शब्द लिहिला, 'वैयक्तिक'. उपाध्यक्ष त्यांच्या जागी आला आणि गावात कुजबुज सुरू झाली, की यानेच त्यांना दबाव आणून घालवलं.

शांतता समितीच्या बैठकीत एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, कोलीवाड्यात वैयक्तिक काय असतंय? बाजूच्या घरात मीठ जास्त पडलं तरी आमाला कलतं."

सगळे हसले. मी हसलो नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. त्या दिवशी अध्यक्षाची होडी सगळ्यांत पुढे निघते, तिच्यात गावच्या बायका-पोरं बसतात आणि अध्यक्ष नाळेवर उभा राहून दर्याला नारळ देतो. या वेळी तो नारळ नव्या माणसाच्या हातून पडणार होता.

आदल्या दिवशी दुपारी सुकट विकणारी एक बाई ठाण्यात आली. टोपली पायरीवर ठेवून म्हणाली, "उद्याची नारलाची होरी तपासून घ्या, मगाशी तिच्याखाली कोन तरी बसलेलं. माझं नाव लिहू नका." एवढंच बोलून फेरीबोट गाठायला निघून गेली. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

ओहोटी होती. श्रावणातलं ऊन गाळून आल्यासारखं फिकट, खाडीपलीकडचं दिघी मध्येच दिसायचं, मध्येच विरून जायचं. होड्या चिखलात एका अंगावर कलून निजल्या होत्या. नवा अध्यक्ष म्हणाला, "साहेब, कालच रंग दिलाय. हिला काय होतंय?"

हवालदार स्वतः कोळ्याचा. त्याने बुडाच्या फळ्यांवरून बोटं फिरवली आणि एका जागी थांबला. फळ्यांच्या सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात, म्हणून पाणी आत येत नाही. तिथला हातभर कापूस काढून टाकला होता आणि वरून नुसता रंग फासला होता. होडी पाण्यात गेली की भरायला लागली असती. नव्या अध्यक्षाने त्या सांध्यावर आपला तळवा दाबून धरला. त्याची नात त्या होडीत बसणार होती.

मी जागेवर पंचनामा लिहायला घेतला. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील उरणच्या मिठागरात राबले, अंगठा लावायचे. त्यामुळे माझा पंचनामा मी कधी दुसऱ्याला लिहू दिला नाही. नाळेपाशी आलो तर तिथे कुंकवाचं बोट उमटलेलं, अजून ओलं.

"पूजा झाली का?"

"उद्या सकाली," नवा अध्यक्ष म्हणाला. "आमी न्हाय लावलं."

तासाभरात जुन्या अध्यक्षांचे पाच समर्थक ठाण्यात आणले. आवाज मोठे, छात्या पुढे. एकेकाला वेगळं बसवून विचारलं. काळे झेंडे शिवलेत हे कबूल, जेटीवर घोषणा देणार हेही कबूल. होडीचं नाव काढलं तसा त्यांच्यातला सगळ्यांत आडदांड पोरगा पांढरा पडला.

"साहेब, त्याच्या नावानं बोंब मारू, रस्ता अडवू. होरीला हात? आमी कोली हाव."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस पोलिसाच्या डोळ्यांत बघतो. हा स्वतःच्या हातांकडे बघत होता.

मग मला वडील आठवले. नव्या हंगामात मिठाच्या खाचरात पाय टाकण्याआधी ते वाकून मातीला हात लावायचे. तिची परवानगी मागायचे. मी हवालदाराला विचारलं, "होडीला हत्यार लावण्याआधी कुंकू कोण लावतं?"

"मेस्त्री," तो म्हणाला आणि वाट दाखवायला पुढे निघाला.

होड्या बांधणारा म्हातारा मेस्त्री, जुन्या अध्यक्षांचा लहानपणापासूनचा सोबती. मला बघून त्याने हातातली पटाशी खाली ठेवली.

"कुंकू का लावलंस बाबा?"

"माझ्या हातची होरी हाय ती. तिला विचारल्याबिगर पटाशी कशी लावू?" मग म्हणाला, "बुरवायची न्हवती. जेटीलाच पानी भरलं असतं. लोक बोलले असते, दर्याला नवा अध्यक्ष नको. मंग आमचा परत आला असता."

"आणि भर पाण्यात भरली असती तर? पोरं बसणार होती त्यात."

"आमच्या अध्यक्षानं पद का सोरलं तेवढं सांगा," तो म्हणाला, "मंग खुशाल आत टाका."

ते मलाही जाणून घ्यायचं होतं. त्याला घेऊन जुन्या अध्यक्षांच्या घरी गेलो. ते ओटीवर जाळं विणत बसले होते. गाठ न् गाठ सारखी. मेस्त्री समोर जाऊन उभा राहिला. अध्यक्षांनी मान वर केली, गोड हसले.

"बसा ना. कोनाकरं आलात?"

आतून त्यांची बायको आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "चैतात दर्यातून होरी घरी आनताना खारीचं तोंडच वलखलं न्हाय त्यांनी, रोजची वाट इसरले. तवाच ठरवलं, लोकांना कलायच्या आधी खुर्चीवरनं उठायचं. भावजी, तुमी कोनाला बोलू नका."

मेस्त्रीने ओटीवरून घरंगळलेला सुताचा गुंडा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "साहेब, ओहोटी हाय तवर सोरा मला. कापूस भरून घेतो."

दिवस मावळायच्या आत सांधा भरला. नव्या अध्यक्षाने शेजारी बसून तेलाचं भांडं धरलं. तक्रार नाही असं त्याने लिहून दिलं. मी डायरीत सगळं लिहिलं, राजीनाम्याचं कारण सोडून. पोरांनाही ताकीद देऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी जेटीवर बंदोबस्त लावून उभा होतो. "अध्यक्ष परत या" सुरू झालं. काळे झेंडे वर झाले. तेवढ्यात मेस्त्री गर्दीतून पुढे गेला, सोनेरी कागदात मढवलेला नारळ उचलला आणि नव्या अध्यक्षाच्या हातात दिला. मग स्वतः पहिला होडीत चढून बसला, जिथे त्याने सांधा भरला होता बरोबर त्यावर. घोषणा एकेक करून विझल्या. झेंडे खाली आले.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की जमाव दगडाने आणि आवाजाने ओळखावा. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस कारण न सांगता खुर्ची सोडतो, तेव्हा त्याच्यावर जीव लावणारे ती रिकामी जागा आपल्या मनाच्या कारणाने भरतात. ओरडणाऱ्यांवर मी नजर ठेवून होतो आणि घात एका गप्प माणसाच्या मायेतून होणार होता. पुढच्या नोकरीत कुठल्याही बंदोबस्ताआधी मी हेच विचारत गेलो, की यात कोण बोलत नाहीये.

जुने अध्यक्ष माझ्या शेजारी बायकोचा हात धरून उभे होते. धुक्यात होड्या एकामागून एक पुसट होत गेल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"हितला अध्यक्ष चांगला हाय का हो?"

"लोकांचा फार जीव आहे त्यांच्यावर," मी म्हणालो.

"मंग झालं," ते म्हणाले आणि पुन्हा समुद्राकडे बघू लागले.