हाय फँटसी, न्हाय फँटसी

शुद्धलेखन चुकलं तर आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, आणि शब्दही मला साधेच येतात. सोलापुरात एका रेडियमच्या दुकानात मी गाड्यांवर नावं कापून चिकटवतो. तिथेही माझ्या वेलांट्या मालक तपासतात. पण दर रविवारी सकाळी शिवलीला अक्कांच्या भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानात आम्ही फँटसी वाचणारे जमतो, आणि घरी येताना एखादा तरी किस्सा सोबत येतोच. आता इतके साठलेत की लिहून काढल्याशिवाय राहवत नाही.

पूर्वी अक्कांकडे या पुस्तकांची एकच फळी होती. तिच्यावर लिहिलेलं, 'जादू व राक्षस'. मग अशी पुस्तकं वाढत गेली, त्यांना फाटे फुटत गेले. निखत कॉलेजात शिकते, मोबाईलवर सगळं नवं वाचते. ती म्हणाली, "अक्का, अब अलग अलग रखना पडता." जिथे अख्खं जगच वेगळं, ती हाय फँटसी. जग आपलंच आणि जादू चिमूटभर, ती लो फँटसी. मी हौसेने रेडियमची पट्टी कापून आणली, 'हाय फँटसी', आणि फळीवर चिकटवली.

टेंभुर्णीचे एक ड्रायव्हर दारातूनच पट्टी वाचून म्हणाले, "हाय, तर दाखवा की."

अक्का म्हणाल्या, "अहो, ही हाय आहे."

"त्येच म्हणतोय मी. हाय न्हवं? मग द्या."

पुढच्या रविवारी शेजारच्या लो फँटसीच्या फळीवर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, 'न्हाय फँटसी'. अक्कांनी ते पुसलं नाही. आता लोक पुस्तक तसंच मागतात.

मंगळवेढ्याचे एक काका शहरात कामाला आले की पुस्तक बदलून नेतात. त्यांना अक्कांनी एपिक फँटसीचा जाडजूड भाग दिला. राज्यं, लढाया, ड्रॅगन, सगळं त्यात. काकांनी पंधरा दिवसांत परत आणला.

"कसं वाटलं, काका?"

"लई भारी. पर लिहिणारा एका जागी चुकलाय. ड्रॅगननं उभी ज्वारी जाळली. फुडं चारशे पानं वाचली मी. पंचनाम्याला कोण आलंच न्हाय."

पुस्तकात ज्वारी नव्हतीच, गहू होता. पण ते सांगायची हिंमत आमच्यात कुणालाच झाली नाही.

अंबादास अण्णा टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि शंका दोन्हींत. एकदा निखत त्यांना अर्बन फँटसी समजावत होती. शहर नेहमीचंच, गल्ल्या त्याच, फक्त मधेच काहीतरी अजब घडतं.

"म्हंजे नळाला रोज पानी?" अण्णांनी विचारलं.

निखतने थोडा विचार केला. "नै अण्णा. वो तो हाय फँटसी में जाता."

आता माझं सांगतो. वर्षभर मी एका वहीत गोष्ट लिहीत होतो. कुणाला बोललो नव्हतो. एकदा पुस्तक परत करताना वही त्यातच राहिली. अक्कांनी वाचली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी हा वाचणार."

तू किती शिकलास, असं कुणी विचारत नाही अशी माझ्यासाठी अक्कांचं दुकान ही एकच जागा होती. एकदा हे लोक हसले की परत तिथं पाय टाकता येणार नाही, एवढंच आठवडाभर डोक्यात फिरत होतं.

रविवारी वाचायला लागलो. वही तोंडासमोर धरली. गोष्टीतला विणकर मागावर चादर विणतोय, बायको शेजारी आडव्या धाग्याच्या कांड्या भरतेय. चादरीत त्याला एक दार दिसतं. तो मागावरचे उभे धागे, म्हणजे सगळा ताणा, कापतो आणि दारातून दुसऱ्या जगात निघून जातो.

"पोर्टल फँटसी," निखत हळूच म्हणाली.

मी वही मिटली. कुणी हसलं नाही.

मग अण्णा म्हणाले, "ताणा कापला? चालू मागावरचा?"

"होय, अण्णा."

"सगळा?"

"सगळा. दार उघडायला."

"आनी आता परत कसा येनार त्यो?"

"येत नाही. गोष्ट तिथंच संपते."

"संपती कशी?" अण्णा उठून उभे राहिले. "त्येची बायको कांड्या भरत बसलीया की. तूच वाचलंस न्हवं आत्ता? तिला काय सांगायचं?"

अक्का म्हणाल्या, "अण्णा, बसा हो. गोष्ट आहे ती."

"म्हणून तर बोलतोय," अण्णा म्हणाले. "खरं असतं तर मी गप बसलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचं दुकान उघडायच्या आधी, मी अण्णांच्या कारखान्यात गेलो आणि तुटलेली तार, म्हणजे ताण्याचा धागा, कशी सांधतात ते त्यांच्याकडून शिकून घेतलं.