आबांनी निवडलेली शाई

नव्या दौतीचं झाकण उघडलं, आणि फिनेलसारख्या त्या वासाबरोबर मला कर्जतच्या बाजारातलं चाचांचं दुकान आठवलं. दहावीच्या परीक्षेसाठी न अडकणारी शाई हवी होती, म्हणून माझे वडील, आबा, आमच्या पळसदरी गावाहून हातातलं काम टाकून सोबत आले होते.

चाचांनी तीन दौती मांडल्या आणि पेन बुडवून आबांना दिलं. "लिहून बघा."

आबांनी तिन्ही शायांनी आपलं नावच लिहिलं, एकेक अक्षर कोरल्यासारखं. इतक्या हळू लिहिल्यावर कुठली शाई अडकणार? मी वैतागले. "आबा, दुसरं कायतरी लिवा की!"

बोलले आणि जीभ चावली. आबांना सहीपुरतंच लिहिता यायचं.

त्यांनी शांतपणे पेन माझ्या हाती दिलं. "तूच लिव गं. पेपर तुजा हाय."

मी मान खाली घालून तिन्ही शायांनी भराभर ओळी खरडल्या. चाचांसमोर आबांची शोभा केली, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. आबांचं लक्ष मात्र माझ्या बोटांकडे होतं. आता आठवतो तो त्यांचा फुललेला चेहरा, आणि मधल्या दौतीवर ठेवलेलं बोट.

"हीच द्या चाचा. पोरीच्या हाताबरूबर हीच पळंल."