वगळलेल्या पेपरचं कारण

हे खरं तर मी सांगायला नको. मावशीनं मला तिच्या टेबलाशी बसू दिलं ते याच अटीवर, की इथलं बोलणं इथंच राहील. पण शेजारी बसून गप्प राहणाऱ्या माणसाकडेच किस्से जास्त साचतात. मी फक्त आकडे वाचते, ती कॉम्प्युटरवर भरते.

मीनामावशी डॉक्टर आहे. एमडी करते आणि धरमपेठेत आमच्याकडेच राहते. प्रबंधासाठी तिनं मेटा-अ‍ॅनालिसिस घेतलं. गुडघेदुखीच्या एका औषधावर ठिकठिकाणी झालेले अभ्यास एकत्र करून, सगळे मिळून काय सांगतात ते पाहायचं.

बाबांचं वाडीत ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. ते म्हणाले, “म्हणजे तू एकबी पेशंट तपासून नाही राहिली? दुसऱ्यायच्या कामाची नुसती बेरीज?”

“बेरीज नाही, भाऊजी. भरलेला ट्रक आणि अर्धा टेम्पो तुम्ही सारखा धरता का?”

“वेडी झाली का! वजन पाहू ना.”

“मीही तेच करते. मोठ्या अभ्यासाला जास्त वजन.”

बाबांना ते पटलं. मग म्हणाले, “पण माल सडका असन तं? वजन तं त्याचंबी भरते!”

मावशीनं तक्त्यात लगेच एक रकाना वाढवला: ‘माल कसा?’

*

कोणता पेपर, म्हणजे कोणता छापलेला अभ्यास, घ्यायचा, हे दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता ठरवायचं असतं. म्हणून मावशीच्या सोबतचे वानखेडे डॉक्टर हॉलमध्ये आणि मावशी आत. एकदा आई चहा घेऊन गेली आणि सहज म्हणाली, “मीनानं तो लांबलचक पेपर काढून टाकला वाटतं.”

वानखेडे डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “ताई, निकाल फोडला तुम्ही!”

तेव्हापासून चहा मी नेते. मी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

*

शेजारच्या काकू गुडघेदुखीवरच्या काढ्याचं कौतुक करत होत्या. “पाच जणी बऱ्या झाल्या. पाचही जणी सांगून गेल्या!”

“ज्यांना फरक पडला नाही, त्या आल्या सांगायला?” मावशीनं विचारलं.

“त्या काहून येतीन वं?”

“आमचंही दुखणं तेच आहे, काकू. औषध चाललं नाही, तो अभ्यास कोणी छापतच नाही.”

*

एकदा वाचता वाचता मी थांबले. दोन वेगळ्या पेपरांत बायका तितक्याच, पुरुष तितकेच, मध्येच सोडून गेलेलेही तितकेच.

“मावशी, ही तीच माणसं आहेत का?”

दोन्ही पेपर तिच्या प्रबंधाच्या गाईड सरांचे होते. एक काढला, की औषधाचा फायदा ठामपणे सांगता येत नव्हता. आणि प्रबंधावर सरांची सही नसेल, तर मावशीला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

“राहू दे ना,” आई म्हणाली. “कोण पाहतं?”

“ताई, लोक हे औषध खाणार आहेत.”

रविवारी सर घरी आले. मावशीनं दोन्ही पेपर त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“एकच अभ्यास मी दोनदा छापला. निकाल बदलला का?”

“बदलला, सर.”

“मग बदललेलाच लिहा.”

वगळलेल्या प्रत्येक पेपरसमोर कारण लिहावं लागतं. सरांनी तो तक्ता ओढला आणि आपल्याच नावासमोर आपल्याच अक्षरात लिहिलं, ‘तेच पेशंट, दुसऱ्यांदा.’

मग विचारलं, “पकडलं कोणी?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. सरांनी पेन माझ्यापुढे धरलं. “पडताळणाऱ्याची सही इथं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, आधी प्रबंधावर तुमची.”

मावशीनं डोळेच मिटले. सर हसले नाहीत. त्यांनी पेन परत घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि—

थांबा, बाबा बाहेरून हाक मारताहेत. “मनू, गाडीत बस वं! मावशीले परीक्षेले सोडाचं आहे, उशीर होऊन राहिला!”